भाताचा करपा आणि वाविलोव्हची भूक

भाद्रपद सरत आला की भिवपुरीच्या खाचरांत भात पोटरीला लागतं. याच सुमारास काही खाचरांत पानांच्या कडा शेंड्याकडून पिवळ्या पडू लागतात. पिवळी पट्टी नागमोडी होत खाली उतरते, पान पेंढ्यासारखं वाळतं आणि लोंबी बाहेर आली तरी दाणा पोचट राहतो. हा कडा करपा. सकाळी दव असताना पानाच्या कडेवर दुधट पिवळे थेंब दिसतात, उन्हात सुकून त्यांचे बारीक मणी होतात. प्रत्येक थेंब म्हणजे जिवाणूंची वसाहतच. पानाच्या कडेला पाणी बाहेर टाकणारी सूक्ष्म छिद्रं असतात. तिथून झँथोमोनास नावाचा हा जिवाणू आत शिरतो आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत वाढत जातो.

जपानच्या क्युशू बेटावर हा रोग १८८४ मध्ये दिसला होता. भारतात तो पहिल्यांदा आढळला १९५१ साली, आणि तो आपल्याच, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. १९५९ मध्ये श्रीनिवासन, तिरुमलाचार आणि पटेल या शास्त्रज्ञांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केला. पुढं १९६३ मध्ये बिहारात त्याची मोठी साथ आली, तेव्हा कुठं देशाचं लक्ष गेलं.

पण नीट पाहणाऱ्याला एक गोष्ट खटकते. बांधाच्या अलीकडचं भात करपतं आणि पलीकडचं हिरवंगार राहतं. पाऊस तोच, माती तीच, पाणीही एका खाचरातून दुसऱ्यात उतरलेलं. फरक असतो तो बियाण्यात. आज हे कुणालाही पटेल. शंभर वर्षांपूर्वी मात्र ही गोष्ट पद्धतशीर तपासून, तिच्या जोरावर जगभरची बियाणी गोळा करण्याचा ध्यास एका माणसाने घेतला. त्याचं नाव निकोलाय वाविलोव्ह. आम्हा डॉक्टरांच्या अभ्यासक्रमात तो कुठंच येत नाही. मला विचाराल तर यायला हवा, कारण प्रतिकारशक्ती म्हणजे काय याचा विचार त्याने रुग्णाऐवजी रोपापासून सुरू केला.

वाविलोव्हचा जन्म मॉस्कोत २५ नोव्हेंबर १८८७ चा. वडील लहानपणी खेड्यातून शहरात आलेले आणि कापडाच्या धंद्यात मोठे झालेले. मुलांनी धंदा पुढं चालवावा म्हणून त्यांनी दोघांना व्यापारी शाळेत घातलं. थोरला निकोलाय शेतीशास्त्राकडे गेला, धाकटा सर्गेई भौतिकशास्त्राकडे. दुकानाला वारस काही मिळाला नाही. १९०६ मध्ये निकोलायने मॉस्कोच्या शेती महाविद्यालयात नाव घातलं आणि पदवीसाठी विषय निवडला तो पिकं खाणाऱ्या गोगलगायींचा. पिकाला नासवतं कोण आणि कोणतं पीक त्याला पुरून उरतं, हा प्रश्न तिथूनच त्याच्या मागे लागला.

तो काळ वैद्यकातही प्रतिकारशक्तीचा होता. आपल्या रक्तातल्या पेशी जंतूंना गिळतात हे दाखवणारे मेचनिकॉव्ह आणि रक्तातल्या प्रतिद्रव्यांचा सिद्धांत मांडणारे एर्लिख यांना १९०८ चं नोबेल विभागून मिळालं होतं. वाविलोव्हने हाच प्रश्न झाडाला लावला. झाडाला रक्त नाही, फिरत्या संरक्षक पेशी नाहीत. गोवर होऊन गेला की माणसाच्या शरीराला त्याची आठवण राहते, तशी सोय गव्हाच्या रोपाकडे नाही. मग एकाच शेतातला एक गहू तांबेऱ्याने लाल होतो आणि दुसऱ्यावर डागही पडत नाही, हे कसं?

उत्तराची सुरुवात केंब्रिजच्या रोलंड बिफेन यांनी करून ठेवली होती. पिवळ्या तांबेऱ्याला दाद न देण्याचा गव्हाचा गुण मेंडेलच्या नियमांप्रमाणेच पुढच्या पिढीत उतरतो, असं त्यांनी १९०५ मध्ये दाखवलं होतं. म्हणजे वाटाण्याचा रंग किंवा उंची जशी वारशाने येते, तशी रोगाला तोंड देण्याची ताकदही येते. वाविलोव्ह १९१३ मध्ये इंग्लंडला गेला. बिफेन यांच्याकडे आणि जेनेटिक्स हा शब्द रूढ करणाऱ्या बेटसन यांच्याकडे त्याने काम केलं. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि त्याला परतावं लागलं.

लहानपणी डोळ्याला झालेल्या इजेमुळे त्याला सैन्यात घेतलं नाही. पण १९१६ मध्ये सैन्यानेच त्याला बोलावलं. उत्तर इराणात तैनात असलेले रशियन शिपाई भाकरी खाऊन आजारी पडत होते. डोकं गरगरायचं, नशा चढल्यासारखं व्हायचं. आमच्यासारखा कुणी असता तर आधी पाणी तपासलं असतं. वाविलोव्हने गव्हाची पोती तपासली. गव्हात एक विषारी तण मिसळलेलं होतं. (लोलियम या गवताचं बी गव्हासारखंच दिसतं आणि त्यात बुरशीमुळे विष तयार होतं.) शिवाय गव्हावर फ्युझेरियम बुरशीही होती. त्याने त्या भागातलं पीठ वापरू नये असं सुचवलं. काम झाल्यावर घरी परतायचं सोडून हा गडी इराण आणि पामीरच्या डोंगराळ भागात स्थानिक गहू, राय, बार्ली गोळा करत फिरला. इंग्रजी पुस्तकं आणि इंग्रजीतली टिपणं जवळ सापडल्याने आपल्याच सैनिकांनी त्याला हेर समजून काही दिवस अडकवून ठेवलं होतं. पुढं आयुष्यात हाच आरोप पुन्हा आला, तेव्हा सुटका झाली नाही.

१९१७ मध्ये तो व्होल्गा नदीकाठच्या सारातोव्ह शहरात प्राध्यापक झाला आणि १९१९ मध्ये, क्रांती आणि यादवी युद्धाच्या धामधुमीत, वनस्पतींच्या प्रतिकारशक्तीवरचा त्याचा ग्रंथ आला. तो त्याने मेचनिकॉव्ह यांच्या स्मृतीला अर्पण केला. शेकडो जातींचे गहू आणि ओट शेजारी शेजारी पेरायचे, त्यांना रोग लागू द्यायचा आणि कोण टिकतं ते लिहून ठेवायचं, असं त्याचं काम होतं. त्यातून त्याला दिसलं की प्रतिकार कुठंही विखुरलेला नसतो. तो वाणाच्या कुळाशी जोडलेला असतो. एक पर्शियन गहू भुरी रोगाला अजिबात दाद देत नव्हता, आणि त्याचं कुळ नेहमीच्या गव्हाहून वेगळं निघालं. मग पुढची पायरी आपसूक आली. पीक आणि त्याचा रोग जिथं हजारो वर्षं एकत्र नांदले, तिथंच रोगाला पुरून उरलेली रोपं सापडणार. म्हणून बियाणं शोधायचं ते पिकाच्या माहेरी.

याच काळात, १९२१-२२ मध्ये, व्होल्गाच्या खोऱ्यात भीषण दुष्काळ पडला आणि लाखो माणसं मेली. वाविलोव्ह तेव्हा पेट्रोग्राडला बियाणं संस्थेचा प्रमुख म्हणून गेला होता. त्यानंतरची वीस वर्षं तो जवळपास पायांवरच होता. १९२४ मध्ये अफगाणिस्तान, पाच महिने, सुमारे पाच हजार किलोमीटर, बरीचशी वाट घोड्यावरून. १९२६-२७ मध्ये भूमध्य समुद्राभोवतीचे देश आणि इथिओपिया. सीरियात त्याला मलेरियाने गाठलं तरी थांबला नाही. मग पश्चिम चीन, जपान, कोरिया, मेक्सिको, पेरू, बोलिव्हिया. अनेक भाषा त्याला येत होत्या आणि झोप चार-पाच तासांची पुरत होती. (हे वाचून कुणी अनुकरण करू नये. चार तासांत ज्याचं भागतं असा माणूस लाखात एखादा, बाकीच्यांचा रक्तदाब वाढतो.) १९४० पर्यंत लेनिनग्राडच्या संस्थेत सुमारे अडीच लाख नमुने जमले होते. तेव्हा जगात एवढा मोठा बियाणं संग्रह दुसरीकडे कुठं नव्हता.

भारतात मात्र तो कधी आला नाही. अफगाणिस्तानच्या सीमेपर्यंत पोचलेला हा माणूस ब्रिटिश हिंदुस्थानात उतरू शकला नाही. त्याच्या संस्थेच्या मार्कोविच यांनी इथं येऊन नमुने नेले. वाविलोव्ह भाताचं माहेर भारत मानत असे. आज बहुतेक संशोधक भात प्रथम चीनच्या यांगत्से खोऱ्यात माणसाळलं असं मानतात. पण त्याचा मूळ मुद्दा भाताच्या बाबतीत जितका खरा ठरला, तितका क्वचितच दुसऱ्या पिकाच्या बाबतीत ठरला असेल.

१९७० च्या सुमारास फिलिपाईन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेसमोर एका विषाणूचं संकट होतं. रोप खुजं राहून गवताच्या झुपक्यासारखं व्हायचं. सहा हजारांहून अधिक नमुने तपासले, तेव्हा एकच कामाचा निघाला. तो होता उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या एका जंगली भाताचा. आपल्याकडे ठिकठिकाणी ज्याला देवभात म्हणतात, त्याच गोतातला. गुरदेव खुश आणि सहकाऱ्यांनी त्यातला प्रतिकाराचा जनुक लागवडीच्या भातात आणला.

आता आपल्या कडा करप्याकडे येऊ. त्याला रोखणारा सर्वांत गाजलेला जनुक एक्सए-२१. तो मिळाला आफ्रिकेतल्या माली देशाच्या एका जंगली भातातून, जो खायला कुणी पेरत नाही. १९९५ मध्ये हा जनुक वेगळा काढण्यात आला, आणि तो काय काम करतो हे पाहून आम्हा वैद्यकातल्या लोकांनीही कान टवकारावेत असं निघालं. हा जनुक पेशीच्या पृष्ठभागावर एक पहारेकरी उभा करतो. जिवाणूच्या एका विशिष्ट प्रथिनाचा तुकडा दिसला की तो आत निरोप धाडतो. माणसाच्या शरीरातही जिवाणू ओळखणारे असेच पहारेकरी आहेत. ते कसे काम करतात हे शोधणाऱ्यांना २०११ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. मेचनिकॉव्हला ग्रंथ अर्पण करणारा वाविलोव्ह हे पाहायला हवा होता.

दुसरा जनुक, एक्सए-१३, याहून मजेशीर. तो पहारेकरी नाहीच. कडा करप्याचा जिवाणू भाताच्या पेशीत स्वतःची प्रथिनं सोडतो आणि भाताचंच एक बटण दाबून पेशीतली साखर बाहेर काढून घेतो. एक्सए-१३ असलेल्या भातात हे बटणच थोडं बदललेलं असतं. चोराची किल्ली बसत नाही आणि तो उपाशी राहतो. माणसात याची उदाहरणं आहेत. पश्चिम आफ्रिकेतल्या बहुसंख्य लोकांच्या लाल पेशींवर डफी नावाचा रेणू नसतो, म्हणून व्हायवॅक्स मलेरियाचा परजीवी त्यांच्या पेशीत सहसा शिरू शकत नाही. ज्यांच्यात सीसीआर-५ हा रेणू जन्मतः नसतो, त्यांना एचआयव्हीची लागण सहसा होत नाही. अशा वेळी शरीर जंतूशी लढत नाही, दारच बंद ठेवतं. मात्र हा गुण आई आणि वडील दोघांकडून आला तरच उपयोगी पडतो. भातातही एक्सए-१३ चं तसंच आहे.

एकच जनुक असलेला वाण मोठ्या क्षेत्रावर पेरला की काही वर्षांत जिवाणू त्यावर तोड काढतो. एक्सए-४ या जनुकाचं काही भागांत तसंच झालं. क्षयरोगाच्या रुग्णाला आपण एकच गोळी का देत नाही, याचं कारण अगदी हेच आहे. एका औषधाला चकवणारा जंतू दहा लाखांत एखादा असतोच. तीन-चार औषधांना एकाच वेळी चकवणारा सापडणं जवळपास अशक्य. म्हणून भातातही तीन जनुक एकत्र गुंफले गेले. हैदराबादच्या भात संशोधन संचालनालयाने आणि सीसीएमबी या संस्थेने मिळून एक्सए-५, एक्सए-१३ आणि एक्सए-२१ सांबा मसुरी या लोकप्रिय वाणात आणले आणि २००८ मध्ये तो सुधारित वाण शेतकऱ्यांसाठी आला. हे साध्या संकराने केलं, फक्त कोणत्या रोपात जनुक उतरला हे प्रयोगशाळेत पाहून निवड केली. या तांदळाचा ग्लायसेमिक इंडेक्स ५१ च्या आसपास म्हणजे कमी आढळला आहे. मधुमेही वाचकांनी मात्र त्यामुळे ताटातला ढीग वाढवू नये.

बियाण्यात प्रतिकार नसेल तर काय होतं, हे आमच्या दवाखान्यापर्यंत येऊन पोचतं. कडा करप्यावर अनेक वर्षं स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांचं मिश्रण फवारलं गेलं. दुकानात पुडी सहज मिळायची. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावरचं पहिलं परिणामकारक औषध. माझ्या उमेदीच्या काळात क्षयरोग उलटलेल्या रुग्णाला आम्ही दोन महिने त्याची सुई टोचत होतो, आणि ऐकू कमी येतंय का हे प्रत्येक वेळी विचारत होतो. तेच औषध पावसात खाचरात धुऊन जातं आणि पाण्यातल्या, मातीतल्या असंख्य जिवाणूंना त्याला चकवण्याचा सराव मिळतो. भिवपुरीत टाटांच्या वीजघरातून सुटलेलं पाणी राजनाल्याने गावोगाव जातं आणि त्यावर उन्हाळी भात होतं. म्हणजे एका खाचरातलं पाणी कुठवर जातं याचा अंदाज करा. केंद्र सरकारने आता शेतीतल्या या औषधांवर बंदी आणली आहे. जुन्या पुड्या कुणाच्या घरात उरल्या असतील तर त्या फवारू नयेत. कर्जतचं भात संशोधन केंद्र हाकेच्या अंतरावर आहे. आपल्या खाचराला करप्याला तोंड देणारा कोणता वाण चालेल, हे तिथं विचारणं फवाऱ्यापेक्षा स्वस्त पडतं. आणि झिणी, कोळंब, राता यांपैकी एखादं जुनं बी घरच्या कणगीत अजून असेल तर ते संपवू नका. त्यात काय दडलंय हे कुणी तपासलेलं असेलच असं नाही.

असंच बी जपणाऱ्या वाविलोव्हचं पुढं काय झालं, ते सांगायचं राहिलं.

चांगला नवा वाण तयार व्हायला दहा-बारा वर्षं लागतात, असं तो सरकारला सांगत राहिला. त्याच वेळी ट्रोफिम लिसेन्को नावाचा तरुण दोन-तीन वर्षांत वाण देतो म्हणत होता. त्याच्या मते जनुक ही भानगडच खोटी. बियाण्याला थंडी दाखवली की त्याचा स्वभाव बदलतो आणि बदल पुढच्या पिढीत उतरतो. सुरुवातीला वाविलोव्हनेच त्याला उत्तेजन दिलं होतं. स्टालिनला घाई होती, लिसेन्कोला पाठबळ मिळालं. १९३७ मध्ये मॉस्कोत होणारी आंतरराष्ट्रीय जनुकशास्त्र परिषद रद्द झाली. १९३९ मध्ये ती एडिंबरोला भरली, वाविलोव्हला अध्यक्ष निवडलं गेलं, पण त्याला देश सोडू दिला नाही.

६ ऑगस्ट १९४० रोजी तो पश्चिम युक्रेनमध्ये, कार्पेथियन डोंगरांच्या पायथ्याशी रोपं गोळा करत असताना काळ्या मोटारीतून आलेल्या माणसांनी त्याला नेलं. मागे राहिलेल्या त्याच्या पिशवीत सहकाऱ्यांना त्या भागातला एक जुना गहू सापडला. शेती बुडवल्याचा आणि ब्रिटनसाठी हेरगिरी केल्याचा आरोप ठेवून अकरा महिने चौकशी चालली. ९ जुलै १९४१ रोजी काही मिनिटांच्या सुनावणीनंतर मृत्युदंडाची शिक्षा झाली. पुढं ती वीस वर्षांच्या कैदेवर आली. जर्मन सैन्य मॉस्कोजवळ आल्यावर त्याला सारातोव्हच्या तुरुंगात हलवलं. जिथं तो प्राध्यापक होता, तेच हे शहर.

उपासमारीने माणूस कसा मरतो हे पुस्तकात एका परिच्छेदात असतं. शरीर आधी चरबी जाळतं, मग स्नायू. आतड्याचं अस्तर झिजतं, पांढऱ्या पेशी कमी पडतात आणि शेवटी साधा न्यूमोनिया किंवा अतिसार काम संपवतो. म्हणजे भूक आधी प्रतिकारशक्ती काढून घेते. २६ जानेवारी १९४३ रोजी वाविलोव्ह असाच खंगून गेला. वय ५५. त्याला एका सामायिक खड्ड्यात पुरलं. त्याआधीच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला परदेशी सदस्य निवडलं होतं. दोन वर्षांनी त्याचा भाऊ सर्गेई स्टालिनच्याच राजवटीत सोव्हिएत विज्ञान अकादमीचा अध्यक्ष झाला. त्याने ते पद कसं पेललं असेल, याचा मी अनेकदा विचार करतो.

त्याच १९४३ साली बंगालमध्ये वीस ते तीस लाख माणसं भुकेने आणि तिच्या मागोमाग आलेल्या रोगांनी मेली. आदल्या हंगामात भातावर तपकिरी ठिपक्यांचा बुरशीजन्य रोग पसरला होता. कटकच्या भात संस्थेतले रोगशास्त्रज्ञ पद्मनाभन यांनी पुढं १९७३ मध्ये त्याला मोठं कारण ठरवलं. अमर्त्य सेन यांनी धान्याच्या तुटीपेक्षा भडकलेल्या किमती आणि गरिबांची आटलेली क्रयशक्ती यांवर बोट ठेवलं. मला सेन यांचं म्हणणं अधिक पटतं. पण रोगाने पिकं आधीच खाल्ली होती, हेही विसरून चालत नाही.

लेनिनग्राडचा वेढा सप्टेंबर १९४१ ते जानेवारी १९४४ असा ८७२ दिवस चालला. शहरात लोक सरस उकळून पीत होते. वाविलोव्हच्या संस्थेतल्या माणसांना तो जिवंत आहे की नाही हेही ठाऊक नव्हतं. त्यांनी बियाण्यांचे डबे उंदरांपासून, थंडीपासून आणि स्वतःच्या भुकेपासून राखले. भुईमुगाचे जाणकार शुकिन आपल्या टेबलाशीच गेले. ओटच्या संग्रहाची जबाबदारी असलेल्या रोदिना गेल्या. भाताचा संग्रह सांभाळणारे दिमित्री इवानोव्ह उपासमारीने गेले, तेव्हा त्यांच्या खोलीत भाताच्या बियाण्याच्या हजारो पुड्या होत्या. एकही फोडलेली नव्हती.